फुकटच्या रात्रीचा हिशेब : आर्वी तालुक्यातल्या घरून हॉटेल-कार्डाच्या नोंदी

८ जून २०२५

वही आजपासून सुरू. विषय : हॉटेलचं क्रेडिट कार्ड घेतलं की स्वागताला एक रात्र फुकट मिळते म्हणतात. ती आपल्यासारख्या घराला खरंच फुकट पडते का?

कीडा भाच्याने सोडला. तो डॅलसला असतो. तिकडे म्हणे एकेका कार्डावर तीन-तीन, पाच-पाच रात्री मिळतात. अट अशी की पहिल्या तीन महिन्यांत तीनेक हजार डॉलर कार्डावर खर्च करायचे. तिथला किराणा, वीज, पेट्रोल सगळंच कार्डावर जातं, त्यामुळे वेगळा खर्च करावाच लागत नाही. लोक एकामागून एक कार्डं घेत सुटतात म्हणून चेस बँकेने (बँक नियम म्हणून जाहीर करत नाही, पण सगळ्यांना माहीत) ५/२४ लावलंय : चोवीस महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच कार्डं काढलेली असली तर सहावं मागायला यायचं नाही. "आत्या, तूही घे, सोपं आहे," म्हणाला. सोपं त्याला आहे. इकडे कृषी केंद्रात वही चालते, दूधवाल्याला रोख लागतात, आणि उरलेलं सगळं क्यूआर कोडवर.

तरी दोन कामं समोर आहेत. ऑगस्टात पोरीला पुण्याला पोचवायचंय, आणि हिवाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात. दोन्हीकडे मुक्काम आलाच.

१५ जून

भारतात काय मिळतं ते रविवारभर पाहिलं. हॉटेल कंपनीच्या नावाचं साधं, परवडणारं कार्ड म्हणजे मॅरियट बॉनव्हॉय-एचडीएफसी. २०२३ च्या ऑगस्टात आलं. वर्षाला ३,००० रुपये शुल्क, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. त्या बदल्यात स्वागताची एक रात्र : ज्या हॉटेलची खोली त्या दिवशी १५,००० पॉइंटांपर्यंत (पॉइंट म्हणजे कार्डावरच्या खर्चावर जमा होणारे, खोलीसाठी वापरता येणारे गुण) आहे तिथे चालते, आणि मिळाल्यापासून वर्षभरात वापरायची. नूतनीकरणाला पुन्हा एक. सोबत मॅरियटच्या सभासदांमधला 'सिल्व्हर' दर्जा, त्यात नाश्ता नाही. ऐकायला दर्जा, हाताला फारसं काही लागत नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही : स्वागताच्या रात्रीसाठी लाखांच्या खर्चाची अट नाही. शुल्क भरलं, एखादा व्यवहार झाला, की झालं. अमेरिकेतल्यासारखं "तीन महिन्यांत इतके उडवा" नाही. खर्चाची अट पुढच्या रात्रींना आहे. वर्षात ६ लाख झाले की एक, ९ लाखांना आणखी एक, १५ लाखांना आणखी एक.

दुसरा रस्ता अमेरिकन एक्सप्रेस किंवा अ‍ॅक्सिसच्या कार्डांचे पॉइंट जमवून ते हॉटेलांकडे वळवण्याचा. शहरातल्या माणसाला तो फायद्याचा असेल. पण त्यात आधी खर्च, मग पॉइंट, मग दरात फेरबदल, आणि आमच्याकडे पहिल्याच पायरीची बोंब. सोडून दिला.

२२ जून

पात्रतेचा घोळ. पगाराची अट महिन्याला लाखाच्या घरात. मी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात, नोकरीला वीस वर्षं उलटली, महागाई भत्ता धरून कसंबसं बसते. यांना मात्र कोणीच दारात उभं करत नाही. बारा एकर, कपाशी आणि तूर, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रात दाखवायला करपात्र आकडा नाही. आकडा नाही तर बँकेच्या लेखी माणूसही नाही.

त्यात सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद आणि गुणांक. गावात निम्म्या लोकांचं पीककर्ज "माफी येते" या आशेवर थांबलेलं असतं, आणि थकलेलं पीककर्ज सिबिलमध्ये दिसतं. मग पुढे ट्रॅक्टर घ्यायला गेलं की तेच आडवं येतं. यांचं खातं वेळेवर आहे, गुणांक ७५० च्या वर. तरी हॉटेलचं कार्ड नाही ते नाहीच. त्यांच्यासाठी मुदतठेवीवरचं कार्ड (बँकेत ठेव ठेवून तिच्या तारणावर मिळतं ते) हा एकच दरवाजा दिसतो. ते पुढे बघू.

आधी दुसऱ्या एका बँकेत सहज चौकशी केली होती. पगाराची पावती बघायच्या आतच तिथल्या पोराने पिनकोड टाकला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव आमच्या यादीत नाही." विषय संपला.

२९ जून

अर्ज केला. व्हिडिओ केवायसी अंगणातून, कारण घरात रेंज एका खिडकीपुरतीच. बाईने पॅनकार्ड दाखवायला सांगितलं. दाखवलं की त्यावर ऊन चकाके, सावलीत गेलं की चित्र अडके. शेवटी सासूबाईंनी पदर आडवा धरला आणि त्या पदराच्या सावलीत माझ्या पॅनचा फोटो निघाला. मागे कोंबडीने आरडाओरड केली तशी बाई हसली, पण कामात ढिलाई नाही. जन्मतारीख विचारली, कागदावर सही करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली.

सासूबाई : "एवढं सारं एका पत्त्यासाठी काऊन?"

पत्ता म्हणजे कार्ड. त्यांच्या तोंडी ते पत्ताच झालंय.

१२ जुलै

कार्ड आलं. कुरियरवाला गावात येत नाही, आर्वीच्या स्टँडवर बोलावलं. ओटीपी सांगितला, पाकीट घेतलं, तिथेच रसवंतीवर बसून उघडलं.

कार्ड डायनर्स क्लबचं आहे. म्हणजे दोन गोष्टी आल्या. व्हिसा-मास्टरकार्डाइतकं हे सगळीकडे स्वीकारलं जात नाही, दुकानात आधी विचारायचं. आणि यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचं तर ते रुपेचंच लागतं, डायनर्सचं जोडता येत नाही. आमच्या रस्त्यावरच्या टपरीपासून कृषी केंद्रापर्यंत सगळीकडे क्यूआर आहे, कार्डाचं मशीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. म्हणजे गावात हे कार्ड कपाटात.

एका अर्थी बरंच आहे.

३ ऑगस्ट

घरखर्चाचा आडवा-उभा हिशेब मांडला. पैसा जातो कुठे?

सगळ्यात मोठा खर्च जून-जुलैत : बियाणं, खत, तणनाशक, नंतर फवारणी. ते उधारीत किंवा पीककर्जातून. मग डिझेल, पण इंधनावर पॉइंट नाहीत. मजुरी रोख. किराणा क्यूआरवर. कार्डावर जाऊ शकतात त्या चीजा थोड्या : विम्याचे हप्ते, रेल्वेची तिकिटं, पोरीची पुस्तकं-लॅपटॉप, ऑनलाइन मागवलेलं सटरफटर, वर्ध्याला मोठ्या दुकानातली खरेदी.

दुसऱ्या रात्रीसाठी वर्षाला सहा लाख, म्हणजे महिना पन्नास हजार कार्डावर हवेत. आमच्या घरात ते जमवायचं तर नको असलेली वस्तू घ्यावी लागेल. आणि साध्या खरेदीवर दर दीडशे रुपयांना दोन पॉइंट, म्हणजे सहा लाख खर्चूनही आठ हजारच पॉइंट पडतात. त्यात एक रात्रही बसत नाही. खरी मलई स्वागताच्या रात्रीतच आहे. पुढचं सगळं पगारदार जोडप्याने पुण्या-मुंबईत बसून करायचं काम.

यांनी विचारलं, "मग खत-बियाणं कार्डावर घेतलं असतं तर?" कागदावरच दाखवलं. समजा ४०,००० रुपये जूनमध्ये कार्डावर टाकले आणि कापसाच्या चुकाऱ्यापर्यंत, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे येईपर्यंत, थांबलो. थकबाकीवर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज, वर्षाचे ४२ ते ४५. म्हणजे महिन्याला दीड हजार, व्याजावर पुन्हा जीएसटी. डिसेंबरपर्यंत दहा हजारांच्या वर गेले. त्याच पैशाला पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्याने पडतं. शून्य टाकून पंचेचाळीस घ्यायचे, तेही हॉटेलच्या एका खोलीसाठी! कार्डाच्या बिलाची तारीख ठरलेली असते, चुकाऱ्याची नसते. शेतीचा एक रुपया या कार्डावर जाणार नाही, हे वहीत जाड अक्षरात लिहून ठेवलंय.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. पोरीला पुण्याला सोडून आलो. फुकट रात्र तोवर खात्यात आलेली नव्हती. शुल्क पहिल्या बिलात लागतं, ते भरायचं, मग काही आठवडे. ज्याला तारीख ठरवून प्रवास करायचाय त्याने चार महिने आधी अर्ज करावा, ऐन वेळी नाही.

मग मुक्काम साध्या लॉजवर. जाताना वर्ध्याहून नवी वंदे भारत, अजनी-पुणे. १० ऑगस्टला सुरू झाली. बसल्या बसल्या पुणं येतं खरं, पण भाडंही तसंच. तिकीट या कार्डावर काढलं आणि प्रवासाच्या खर्चावर दुप्पट, म्हणजे दीडशेला चार पॉइंट पडले. तेवढ्याने कोणाचं घर चालत नाही.

गाडी शेगावला थांबली तेव्हा हे म्हणाले, "इथल्या भक्तनिवासाइतकी स्वच्छ खोली कोणत्या कार्डावर मिळते ते दाखव." विदर्भातल्या माणसाच्या डोक्यात मुक्कामाचा भाव शेगावच ठरवतं. चादर पांढरी, पैसे थोडे, सेवेकऱ्यांचा हात जोडलेला. पंचतारांकितवाल्यांना ही स्पर्धा माहीतच नाही.

७ सप्टेंबर

रात्र खात्यात आली. अ‍ॅपमध्ये दिसते, शेवटची तारीखही दिसते. ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली, कारण ती उलटली की रात्र गेली.

आज ई-सेवा केंद्र चालवणारा पोरगा घरी आला. माझा जुना विद्यार्थी. कुठून कळलं देव जाणे. त्याची योजना : "मॅडम, माझ्याकडे रोज लोकं लाइटबिलं घेऊन येतात. मी तुमच्या कार्डावरून भरतो, रोख तुम्हाला देतो. सहा लाख तर दिवाळीपर्यंत होतील."

डोकं हुशार आहे, नाही म्हणता येत नाही. तरी नाही म्हटलं. एक, कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे. दुसऱ्याच्या धंद्याचे पैसे त्यावरून फिरवले की बँक पॉइंट कापते, कार्डही बंद करते. दोन, वर्षात कार्डाची बिलं दहा लाखांच्या वर भरली, किंवा रोखीने एक लाखाच्या वर, की बँक ते आयकर खात्याला कळवते. मग पगार एवढा आणि खर्च एवढा कसा, हे लिहून देत बसा. तीन, त्याच्याकडची रोख एक महिना अडकली तर बिल माझ्या नावावर. पोरगा हिरमुसला. चहा पिऊन गेला.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही. सोयाबीन ज्यांचं होतं त्यांचं गेलंच, आमच्या कपाशीची खालची बोंडं सडली. या वहीत लिहिण्यासारखं काही केलं नाही.

एकच : २२ तारखेपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. म्हणजे रोखीने खोली घेणंही थोडं स्वस्त झालं, आणि फुकट रात्रीची किंमत तेवढी कमी झाली. हिशेबात दुरुस्ती करायची.

९ नोव्हेंबर

सासूबाईंच्या ऑपरेशनचं नक्की झालं. डॉक्टर डिसेंबरात म्हणतात. ऑपरेशन त्याच दिवशी घरी सोडण्यासारखं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून तपासायला परत यायचं. आर्वीहून नागपूर शंभराच्या वर किलोमीटर. ताजा डोळा घेऊन रात्री परत आणि पहाटे पुन्हा तिकडे, हे त्यांच्या वयाला नको. म्हणजे रात्र इथेच कामी येणार. नागपुरात वर्धा रोडवरचं ल मेरिडियन हॉटेल मॅरियटच्याच साखळीत आहे, आणि आम्ही नागपुरात शिरतो तेही वर्ध्याकडूनच.

शोधायला बसले तर एक गोष्ट नीट कळली. पूर्वी मॅरियटच्या हॉटेलांचे ठरलेले वर्ग असत, अमुक वर्गाला अमुक पॉइंट. २०२२ पासून तो तक्ता काढून टाकला. आता पॉइंटांचा भाव बाजारासारखा रोज हलतो. मंगळवारी १५,००० च्या आत असलेली खोली शनिवारी वर जाते. आपल्या खात्यातले काही पॉइंट रात्रीला जोडून वरची खोली घेता येते, पण जोडायला ते असायला हवेत ना.

१३ डिसेंबर

नागपुरात हिवाळी अधिवेशन. आमदार, सचिव, मोर्चे, पत्रकार, सगळे एकाच शहरात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला आमच्या रात्रीत बसणारी एकही खोली नाही. रोखीचे भावही चढलेले. अधिवेशन, दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, लग्नाचे मुहूर्त, जामठ्याला मॅच : नागपूरची फुकट खोली शोधताना आधी हे चार कॅलेंडर पाहायचे, मग हॉटेलचं.

डॉक्टरांना विचारून ऑपरेशन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी घेतलं. घाई नव्हती, ते म्हणाले चालेल. (घाई असती तर खुशाल दवाखान्याजवळचा लॉज घेतला असता. डोळा खोलीसाठी थांबत नसतो.) गुरुवारची खोली बसली. रद्द करता येईल अशीच घेतली. रद्द केली तर रात्र खात्यात परत येते.

११ जानेवारी २०२६

गुरुवारी ऑपरेशन झालं, शुक्रवारी तपासणी झाली, डोळा छान. आता मुक्कामाबद्दल.

खोली दोन माणसांची. मी आणि सासूबाई. हे त्यांच्या आत्याकडे गेले, तसं नसतं तर तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे. काउंटरवर आधार आणि कार्ड दाखवलं. खोलीचं भाडं आणि त्यावरचा कर रात्रीतच आला. नाश्ता त्यात नाही, हे मी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून सासूबाईंनी घरूनच भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तिळाची चटणी बांधून आणलेली. पांढऱ्याशुभ्र चादरीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो.

डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यात पलंग उंच. "बाप्पा, एवढ्या गादीत मी हरपते का काय," म्हणाल्या आणि भिंतीकडच्या कडेला सरकून निजल्या. पडदे जाड, उजेडाचा कण नाही, त्यांना तेच हवं होतं. दर दोन तासांनी पट्टी जागेवर आहे ना ते पाहायचं ठरवलं होतं. मी मोबाइलचा गजर लावून उठायची, आणि दर वेळी त्या जाग्याच. शेवटी विचारलंच, "आई, झोप नाही येत का?" तर म्हणाल्या, "येते व. पण फुकट आहे म्हणतेस, मग झोपून कायले घालवू?"

सकाळी दहा मिनिटांत दवाखाना. लॉबीत एका शेतकरी बाईला नऊवारीत पाहून कोणी वळून पाहिलं नाही, हेही नोंदवते.

१८ जानेवारी

हिशेब. गेले ३,५४० रुपये. त्या रात्रीचा रोखीचा भाव अ‍ॅपमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट दिसत होता. भाचा म्हणेल, निम्म्या किमतीत मिळालं, फायदा झाला.

यांचा हिशेब निराळा आणि माझ्या मते तोच खरा. रोखीने आपण ती खोली कधी घेतलीच नसती. आपण दवाखान्यासमोरचा पंधराशे-अठराशेचा लॉज घेतला असता. तेव्हा वाचले अठराशे आणि गेले साडेतीन हजार. हॉटेलच्या पाटीवरचा भाव वजा करणं म्हणजे सेलमध्ये न लागणारी साडी घेऊन अर्धे पैसे वाचवल्यासारखं.

मग मी विचारलं, आईंना त्या लॉजच्या जिन्याने वर नेलं असतं का? तिथला दिवा, तिथली मच्छरं, ताजं ऑपरेशन. तर थोडं थांबून म्हणाले, "नसतं नेलं. मधलं काहीतरी पाहिलं असतं. तीन हजारांचं." तिथे आमची तडजोड झाली. या रात्रीची आमच्यापुरती किंमत तीन हजार. वर्षाचा तोटा पाचशे-साडेपाचशे, आणि पॉइंट थोडे जमा.

म्हणजे ज्या घरात वर्षातून एक तरी मुक्काम नक्की आहे, दवाखाना, परीक्षा, कोर्टाची तारीख, आणि ज्याला तिथे धडाची खोली लागणारच आहे, त्याला हे कार्ड बरोबरीत सुटतं. ज्याला नुसतंच हॉटेल पाहायचंय त्याने पैसे साठवून एकदा रोखीने जावं.

१ फेब्रुवारी

नूतनीकरणाचं शुल्क जुलैत लागेल, त्यावर पुन्हा एक रात्र. सासूबाईंचा दुसरा डोळा डॉक्टरांनी पुढच्या हिवाळ्यात सांगितलाय, तेव्हा एक वर्ष आणखी ठेवते. त्यानंतर गरज नसली तर बंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला.

यांच्यासाठी मुदतठेवीवरचं रुपे कार्ड घ्यायचं ठरलं. ते यूपीआयला जोडता येतं, गावच्या क्यूआरवर चालेल. त्यात हॉटेल-बिटेल काही नाही, पण त्यांच्या नावावर कार्डाचा इतिहास तरी सुरू होईल. ठेव पंचवीस हजारांची, तुरीचे पैसे आले की. अर्जाला पॅन, आधार आणि दोन फोटो. फोटो स्टँडजवळ काढायचे.